टिकलीखालची विहीर

"हे? एवढंसं? अगं, हे काय घर म्हणायचं, काडेपेटी आहे ही!" गोदाआत्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि लॅपटॉपच्या पडद्यात डोकंच घातलं.

"वरून बघतोय ना आपण, आत्या. आभाळातून."

"आणि मग मी कुठाय?"

"तुम्ही घरात बसलाय. छपराखाली कशा दिसाल?"

"मग बाहेर जाऊन उभी राहू का अंगणात?"

सगळ्या बायका खिदळल्या. हा फोटो आत्ताचा नाही, गेल्या वर्षीचा आहे, हे मी आत्यांना परत एकदा समजावलं. त्यांना ते पटलं नाही. आभाळातला डोळा एकदा उघडला तो मिटेल कशाला, असं त्यांचं म्हणणं.

ही गोष्ट दहा वर्षांपूर्वीची. बार्शीला आमच्या घरी धनूच्या मुलीचं बारसं होतं. धनू म्हणजे धनंजय, माझा धाकटा भाऊ, कॉलेजात फिजिक्स शिकवतो. त्याच्या बायकोला, स्नेहलला, आई नाही, म्हणून बाळंतपण आमच्याकडेच झालं होतं. मी बाळाची आत्या. बारशात आत्याचा मान मोठा, पाठीवर धपाटेही आत्यालाच. मी बडोद्याहून दोन दिवस आधीच येऊन बसले होते, आणि येताना नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन आले होते.

त्या लॅपटॉपचं कारण सांगते. लग्न होऊन गुजरातेत गेले तेव्हापासून मला एक खोड लागली. दुपारी सगळं आवरलं की मी उपग्रहाचा नकाशा उघडायची आणि वरून बार्शी बघत बसायची. नवऱ्याला वाटायचं बायको मालिका बघते. बायको माहेर बघायची. आमचा रस्ता, तिठ्यावरचं मारुतीचं देऊळ, आमची गच्ची. गच्चीवर पांढरा ठिपका दिसला की मला वाटायचं आईनं कुरडया वाळत घातल्यात. नवरा म्हणायचा, ते पाण्याच्या टाकीचं झाकण आहे. असू दे. मला कुरडयाच दिसायच्या.

तर त्या दिवशी सकाळी पाहुण्या बायकांना मी त्यांची त्यांची गावं दाखवत होते. कुणाला विहिणीचा बंगला बघायचा होता, कुणाला जावेनं नवीन बांधलेला गोठा. जो तो आपलंच छप्पर शोधतो, तेवढी एकच हौस सगळ्यांना सारखी.

"आत्या, आता गंमत बघा," मी म्हटलं. "ह्यात जुने फोटोपण आहेत. ही पट्टी मागं ओढली की वर्षं मागं जातात."

"मग ओढ की. इथं आधी शेडग्यांचं रान होतं. ज्वारी असायची छातीएवढी. तुझ्या आप्पानं प्लॉट घेतला तेव्हा मीच आलते की बघायला."

मी पट्टी अगदी टोकापर्यंत ओढली. धनूचं डोंगल अस्सं रडतखडत चालायचं. आधी नुसता चिखल दिसला, मग एकेक चौकोन स्वच्छ होत गेला. घरं गायब. रस्ता मातीचा. मधे पिवळसर रान, आणि त्या रानात एक काळा गोल. खडूनं काढावा तसा नेमका.

"ही बघ शेडग्यांची विहीर!" आत्या खूश झाल्या. "उन्हाळ्यातसुद्धा पाणी हटायचं नाही तिचं. एवढी खोल, की दगड टाकला तर आवाज यायला वेळ लागायचा."

"मग गेली कुठं ती?"

"बुजवली असंल. घरं झाली ना."

घर बांधलं तेव्हा मी आणि धनू दोघंही शिकायला बाहेरगावी होतो, ती विहीर आम्ही कधी पाहिलीच नव्हती. मी सहज, निव्वळ खेळ म्हणून, कपाळावरची टिकली काढली आणि पडद्यावर त्या काळ्या गोलावर चिकटवली. मग पट्टी पुढं ओढली. चिखल झाला, चौकोन उजळले. आमची काडेपेटी आली.

टिकली घराच्या मागच्या बाजूला बसली होती. मागच्या खोलीवर.

मागच्या खोलीत तेव्हा स्नेहल होती, बाळ होतं, लाकडी पाळणा सजवून ठेवला होता आणि पंचवीसेक बायका दाटीवाटीनं बसून गाणी म्हणत होत्या. मी मुळातच भित्री. पुलावरून गाडी जाताना डोळे मिटून घेणारी. पण हे तसलं भिणं नव्हतं. मी तशीच उठले.

मी धनूला जिन्याखाली गाठलं. तो आचाऱ्याशी भांडत होता.

"धनू, मागच्या खोलीखाली विहीर आहे."

"काय?"

"जुन्या फोटोत दिसतेय. शेडग्यांची. बरोबर मागच्या खोलीखाली येते."

तो हसला. "आक्का, ते फोटो सरकलेले असतात. चार-सहा मीटर इकडंतिकडं होतातच. आणि असली तरी बुजवली असेल. आप्पा काय वेडे होते का विहिरीवर घर बांधायला?"

"बुजवलेली जमीनपण खचते, धनू."

"इतकी वर्षं नाही खचली, ती आज तुझ्यासाठी खचतेय?"

"आईला विचारू का?"

"आईला?" त्यानं कपाळाला हात लावला. "कृपा कर. आईला आज कशाबद्दल काही विचारू नकोस. आत्ता कुठं तुळशीचं मिटलंय."

तुळशीचं प्रकरण मला फोनवर कळलंच होतं. आमच्या पुढच्या अंगणात मधोमध आप्पांनी बांधलेलं तुळशीवृंदावन होतं. बारशाच्या जेवणाला मांडव घालायचा म्हणून धनूनं ते उचकटून परसात नेलं आणि सगळ्या अंगणात सिमेंटचे ब्लॉक बसवून घेतले. आईनं घर डोक्यावर घेतलं. "तिथं साती आसरा आहेत. तिथं माणसानं पाय द्यायचा नाही," हे तिचं पालुपद. आप्पा गेल्यापासून दर अवसेला ती तिथं दहीभात ठेवायची, खणाचा तुकडा ठेवायची. धनू म्हणाला, आई, मी शास्त्र शिकवतो, माझ्या घरात ही अंधश्रद्धा नको. मीही फोनवर त्याचीच री ओढली होती. शेवटी आईनं आवरतं घेतलं. फक्त मांडवाच्या मधोमध, तुळस होती तिथं, मोठी रांगोळी काढून त्यात समई ठेवली आणि सकाळपासून तिथं येणाऱ्या पोरांना हाकलत होती.

धनूनं ऐकलं नाही, पण मला काही चैन पडेना. आतून बायकांचा कल्लोळ येत होता. मी दारातून फरशीकडे बघितलं. एका कोपऱ्यात भेग दिसली. आधीपासूनची असेल, पण मला त्या क्षणी ती माझ्याकडेच येतेय असं वाटलं.

मी टाळ्या वाजवल्या. "बायांनो, किती उकडतंय इथं! बाळ बघा लालेलाल झालंय. चला, पाळणा मांडवात नेऊ. वारं आहे, जागा ऐसपैस आहे."

"मुहूर्त?" कुणीतरी म्हणालं.

"मुहूर्त काय खोलीला चिकटलाय? चला उठा."

बायकांना उठवणं म्हणजे जत्रा हलवणं. पण हलल्या. चौघींनी पाळणा उचलला. मांडवात तो ठेवायला सगळ्यात सुरेख जागा एकच होती, रांगोळीच्या मधोमध. मी स्वतः समई बाजूला केली. पाळणा नीट मधे बसला, बाळ त्यात निजवलं, भोवती बायका गोल करून बसल्या, मागच्या खोलीत कुणी उरलं नाही, आणि माझ्या छातीवरचा धोंडा उतरला. मी मारुतीला हात जोडले. खरंच जोडले.

तेवढ्यात आई घुगऱ्यांची परात घेऊन स्वयंपाकघरातून आली. तिनं पाळणा बघितला आणि उंबऱ्यावरच थांबली.

"पाळणा इथं कुणी आणला?"

"मी आणला. आत उकडत होतं."

"आत न्या."

"आई, सगळ्या बसल्यात आता."

"बसू देत. आत न्या म्हणते ना मी." तिनं परात गोदाआत्यांच्या मांडीवर आदळली आणि पाळण्याचा पाय धरला.

मी दुसरा पाय धरला. "आत न्यायचा नाही."

"उज्जू, सोड."

"नाही सोडणार."

"ही बाळाची जागा नव्हे. आसरा आहेत इथं, इथं!"

"आई, आजच्या दिवशी तरी ते नको गं," मी दातावर दात दाबून म्हटलं. "आत न्यायचा नाही म्हणजे नाही. का ते नंतर सांगते."

"मीपण नंतरच सांगते. आधी आत ने."

बाळ पाळण्यात दचकून रडायला लागलं. बायका एकमेकींकडे बघून हसू दाबायला लागल्या. स्नेहलची चुलती टोचून म्हणाली, "मायलेकींचं काय खटकलं की काय?" गोदाआत्या ओरडल्या, "अगं, टळतोय मुहूर्त! भांडा नंतर!" आईनं इकडंतिकडं बघितलं, चार लोकांत काय बोलणार, तिनं हात सोडला. पण ती गेली नाही. तिथंच उभी राहिली, नजर खाली ब्लॉकवर. ती ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटत होती. मला वाटलं, म्हातारी झाली बिचारी.

"आत्याला तयार होऊ द्या," मी म्हटलं आणि आत आले. नवी टिकली लावायची होती. पर्समध्ये पाकीट शोधता शोधता आईचं बोलणं कानात घुमत राहिलं. इथं, इथं.

आसरा असतात कुठं? लहानपणापासून ऐकलेलं. डोहावर, नदीच्या कडेला, विहिरीवर. आसरा पाण्यातल्या. पोहणाऱ्या पोरांना खाली ओढतात म्हणून त्यांना दहीभात द्यायचा. मग आमच्या कोरड्याठाक अंगणात आसरा कुठून आल्या? इतके दिवस तुळशीवरून एवढं रामायण झालं, हा साधा प्रश्न धनूनं विचारला नाही, मीही नाही.

लॅपटॉप समोरच होता. पडद्यावर माझी टिकली तशीच, मागच्या खोलीवर. मी सगळ्यात जुना फोटो बघितला होता आणि सगळ्यात नवा. मधले बघितलेच नव्हते. पट्टी ओढली. एका वर्षी नुसता उजाड प्लॉट. पुढचा. डोंगल थांबलं. चिखलाचा पडदा तसाच. बाहेर कुणीतरी पाळणा म्हणायला सुरुवात केली.

"लाग ना," मी म्हणत होते. "लाग ना रे बाबा."

वरचा कोपरा उजळला. मारुतीचं देऊळ. मग रस्ता. मग आमचं घर, अर्धवट, खांब उभे आहेत, स्लॅब पडायचाय. खांबांमुळे मागची खोली स्पष्ट कळत होती. तिथं काळा गोल नव्हता, काहीच नव्हतं. आणि घराच्या पुढं, अंगणाच्या मधोमध, एक राखाडी चौकोन. झाकण ठेवावं तसा.

एकाच फोटोत घर आणि चौकोन. आता सरकण्याचा प्रश्नच नव्हता.

मी सरकन सगळ्यात जुन्या फोटोवर गेले आणि पहिल्यांदाच विहिरीऐवजी देवळाकडे बघितलं. देऊळ काही जागचं हलत नाही. पण त्या फोटोत ते पडद्यावर नव्या फोटोतल्या जागी नव्हतं, पार आमच्या फाटकाकडं आलं होतं. सगळं चित्रच मागं सरकलेलं, एका घराच्या लांबीएवढं. धनू म्हणाला होता ते अगदी खरं होतं. माझी टिकली चुकीच्या जागी होती. मी सगळ्यांना कोरड्या जमिनीवरून उठवून विहिरीवर नेऊन बसवलं होतं.

खिडकीतून मांडव दिसत होता. एव्हाना चाळीसेक झालेल्या बायका, पोरंटोरं, आणि मधे पाळणा.

ओरडायला तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. ते बरंच झालं. कारण मग डोक्यात आलं, 'विहीर' म्हणून ओरडले तर काय होईल? सगळ्या एकदम उठतील. आणि पहिल्यांदा धावतील कुठं? बाळाकडे. मधोमध. चाळीस बायका एका जागी.

"आत्या! आत्याबाई कुठाय? नाव कोण ठेवणार?" बाहेरून हाका.

मी बाहेर गेले. चालत गेले. पायाखालचा एकेक ब्लॉक मला हलल्यासारखा वाटत होता. पाळण्याशी पोचले तोवर एका पोरानं पाण्याचा तांब्या लवंडला. पाणी पसरलं नाही. ब्लॉकच्या फटीफटीतून मधे धावलं, रांगोळीत शिरलं आणि नाहीसं झालं. गाणं म्हणणारी तेवढ्यात श्वास घ्यायला थांबली. त्या निवांत क्षणात मला खालून आवाज आला. टप. मग जरा वेळानं परत, टप, टप. माजघरात रात्री रांजण गळावा तसा.

आईनंही ऐकला. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे.

"चला, गोविंद-गोपाळ करा," आत्या म्हणाल्या.

बारशात बाळाला पाळण्यावरून आणि पाळण्याखालून एकीकडून दुसरीकडे देतात. एका बाजूला स्नेहलची चुलती, दुसऱ्या बाजूला मी. चुलतीनं पाळण्याखालून बाळ पुढं केलं, मी घेतलं. आता वरून परत द्यायचं होतं. चुलती हात पसरून उभी.

मी बाळ छातीशी धरलं आणि वळले.

"अगं? अगं, इकडं दे!"

मी चालायला लागले. मग पळायला. मांडवाचा खांब ओलांडला, फाटक ओलांडलं.

"उज्ज्वला! बाळ! बाळ घेऊन कुठं चालली ही?"

"आक्का!" ही स्नेहल. ओली बाळंतीण, पण अशी उठली की पदर एकीकडे, पाट एकीकडे. तिच्यामागं चुलती. तिच्यामागं सगळ्या. कुणी हसत होती, कुणी बोंबलत होती, कुणी म्हणत होती अंगात आलं वाटतं. येऊ दे, म्हटलं मनात, काय हवं ते येऊ दे, पण तुम्ही या. बाळ टाहो फोडत होतं. मी रस्ता ओलांडून मारुतीच्या पायऱ्यांवर चढले आणि तिथं बसले. स्नेहलनं माझ्या हातातून बाळ हिसकून घेतलं. तिनं तेव्हा माझ्याकडे कसं बघितलं, ते मी अजून विसरले नाही.

मी मागं वळून बघितलं. मांडव रिकामा होत आला होता. आई गोदाआत्यांना बखोटीला धरून अक्षरशः ओढत आणत होती. "घुगऱ्या सांडल्या गं माझ्या," आत्या ओरडत होत्या.

आणि घरातून धनू बाहेर आला.

तो सरळ मांडवात शिरला. पाळण्यापाशी, रांगोळीत जाऊन उभा राहिला. "काय तमाशा लावलाय हा? आक्का! लोक काय म्हणतील?"

"धनू, बाहेर ये!" माझा आवाज आत्ता कुठं फुटला. "तिथं खाली विहीर आहे! मागं नाही, तिथं आहे!"

"मघाशी मागं होती, आता पुढं आली? चालते का विहीर?" बायकांपैकी दोघीतिघी हसल्या. धनूला चेव आला. "हे बघ. बघ सगळ्यांनी." त्यानं पाय उचलला आणि ब्लॉकवर आपटला. परत आपटला. "कुठाय विहीर?"

काही झालं नाही. तो हात पसरून हसला. पाळण्याला बांधलेला खुळखुळा तेवढा वाजला.

"धनू, आसरा..." आई फाटकातून म्हणाली.

"आई, पुरे! आसरा, आसरा, आसरा! ऐकून ऐकून कान किटले माझे. ह्या अंगणात आसराबिसरा काही नाही!" आणि त्यानं तिसऱ्यांदा पाय उचलला.

आईनं गोदाआत्यांचा हात सोडला. इतक्या वर्षांत मी तिचा तसा आवाज ऐकला नव्हता. अगदी हळू, लहान पोराला झोपेतून उठवावं तसा.

"धनू. बाळा. आसरा नाहीत. विहीर आहे खाली. भरलेली नाही, नुसती झाकलीय. तुझ्या आप्पांनी माझ्यादेखत झाकलीय. पाय खाली ठेव, हळू, आणि ये माझ्याकडं."

धनूचं हसू जागच्या जागी थिजलं. पाय त्यानं खाली ठेवला, जपून. एक पाऊल टाकलं. दुसरं. आम्ही सगळ्या रस्त्यावर श्वास धरून उभ्या होतो. तिसऱ्या पावलाला त्याच्या मागं काहीतरी कडकडलं. तो पळाला नाही, त्यानं उडीच टाकली, आणि आईच्या पायाशी येऊन पालथा पडला.

मागं रांगोळी खाली गेली. मोठा आवाज वगैरे झाला नाही. ब्लॉक आधी मधून वाकले, मग एकापाठोपाठ एक गेले, पाळणा तिरका झाला, फुलांच्या माळा, खुळखुळा, नवी कुंची, सगळं घेऊन गेला. मांडवाचा एक खांब मागोमाग सरकला आणि कापड लोंबकळत राहिलं. मग क्षणभर काहीच नाही. आणि मग खोलवरून पाण्याचा आवाज.

स्नेहल मटकन खाली बसली, बाळाला घट्ट धरून. ती बराच वेळ नुसती म्हणत होती, "आई गं, आई गं."

नाव शेवटी मारुतीच्या पायरीवरच ठेवलं. मी बाळाच्या कानात कुर्र केलं. पाठीत धपाटा कुणीच घातला नाही. बायकांनी नुसते हात ठेवले.

संध्याकाळी गर्दी पांगल्यावर आम्ही तिघं फाटकापाशी उभे होतो. काठाशी जायची कुणाची छाती नव्हती. तिथूनही गंजून भुगा झालेल्या रुळांची टोकं दिसत होती.

"शेडग्यांची म्हातारी आप्पांच्या पाया पडली होती," आई म्हणाली. "माझ्या आसरांच्या डोक्यावर माती टाकू नका म्हणाली. ह्यांनी शब्द दिला. जुने रूळ आणले, वर शहाबादी फरशा टाकल्या, मुरूम टाकला. म्हातारी गेली की भरून घेऊ म्हणायचे. म्हातारी गेली. मग हे गेले. जाताना मला एवढंच म्हणाले, पोरांना कळू देऊ नकोस, घर टाकून जातील. तुळस आहे तोवर तिथं कुणी पाय देणार नाही."

"मग धनूनं तुळस हलवली तेव्हा तरी सांगायचंस, आई!" मी अक्षरशः ओरडले. "विहीर म्हणायचंस! एक शब्द!"

"देवाचं नाव घेतलं की ऐकाल वाटलं."

धनूनं आईचा हात धरला होता, तो सोडला नाही.

ती विहीर आम्ही पुढं बुजवली नाही. स्नेहलच म्हणाली, झाकलेलं काही नको ह्या घरात. कठडा बांधला, वर लोखंडी जाळी बसवली. आता वरच्या नकाशात आमच्या अंगणात परत तो काळा गोल दिसतो. बडोद्यात दुपारी मी रोज आधी तो बघते, मग गच्ची.

आई अजून दर अवसेला कठड्यावर दहीभात ठेवते. गेल्या दिवाळीत मी माहेरी होते. बारशातली ती पोर, आता दहा वर्षांची, आजीच्या मागं मागं गेली. जाळीवरून वाकायला बघत होती.

"आजी, ह्यात खरंच आसरा राहतात?"

आईनं तिची वेणी धरून तिला मागं ओढलं.

"विहीर आहे ती. खोल आहे," ती म्हणाली. "आधी लांब उभी राहा. आसरांचं मग सांगते."